वाहन आणि क्रियापद : मागच्या सीटवरून मार्गदर्शन

मराठी माणूस सायकल चालवतो, मोटार चालवतो, होडी, आगगाडी, विमान चालवतो; शिवाय किराणा दुकान, भिशी, गणेश मंडळ आणि फावल्या वेळात तोंडही चालवतो. एवढ्या सगळ्याला क्रियापद एकच. इंग्रजीचं तसं नाही. तिथे वाहन बदललं की क्रियापद बदलावं लागतं, जशी लग्नाला निघताना चप्पल बदलावी लागते. चुकीची घालून गेलात तर कोणी मांडवातून हाकलत नाही. फक्त सगळ्यांचं लक्ष पायांकडे जातं.

या विषयावरचा माझ्या माहितीतला एकमेव प्रमाणग्रंथ माझ्याच स्कूटरच्या मागच्या सीटवर बसतो. ते माझे मामा. वय ७९. साताऱ्याच्या एका शाळेत ३४ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आता पुण्यात आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. दर सोमवारी मी त्यांना ग्रंथालयात नेतो, दर गुरुवारी बँकेत, पासबुक भरायला. वाटेत जे जे चाक दिसेल त्याचं क्रियापद माझ्या उजव्या कानात सांगितलं जातं. खालचे नियम त्या कानातून गोळा केलेले आहेत.

सुरुवातीलाच एक सूचना : मामांना यांपैकी एकही वाहन चालवता येत नाही. सायकलसुद्धा.

नियम पहिला : आधी पाय बघा

मांड ठोकून बसलात की ‘राइड’. आत शिरून पाठ टेकलीत की ‘ड्राइव्ह’.

याचं मूळ तबेल्यात आहे. घोड्याच्या पाठीवर बसून जाणारा ‘राइड’ करायचा. घोडे पुढे जुंपून मागे बग्गीत बसणारा, किंवा गुरं पुढे घालून मागून आवाज देणारा, तो ‘ड्राइव्ह’ करायचा. म्हणजे ‘ड्राइव्ह’ला मराठीत अगदी मापाचा शब्द आहे : हाकणे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी बग्गीचा घोडा सोडला आणि इंजिन बसवलं. घोडा गेला, क्रियापद राहिलं. काचा वर करून, एसी लावून, चाळीस लाखांच्या गाडीतून जाणारा माणूस इंग्रजीच्या हिशेबाने अजून बैलच हाकतोय. सायकल आणि मोटरसायकल मात्र पाठीवर बसायची वाहनं, म्हणून ती घोड्याच्या वंशात गेली : ‘राइड’.

हा भेद मराठीला माहीतच नाही असं समजू नका. सकाळी पेपर उघडा. ‘दुचाकीस्वार जखमी, मोटारचालक फरार.’ स्वार तो स्वार, चालक तो चालक. आपली वर्तमानपत्रं हा नियम इमानाने पाळतात, फक्त त्यासाठी आधी अपघात व्हावा लागतो.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, स्कूटरवर कोण मांड ठोकतं? स्कूटरवर माणूस खुर्चीत बसावा तसा गुडघे जुळवून बसतो, आणि दोन पायांच्या मध्ये घोड्याऐवजी भाजीची पिशवी, दळणाचा डबा किंवा धाकटा मुलगा असतो. मी हे मामांना विचारलं तेव्हा आम्ही सिग्नलला होतो. मामा म्हणाले, ‘‘राइडच. पिशवीचा विचार व्याकरण करत नाही.’’

नियम दुसरा : हँडल बघून फसू नका

रिक्षाला हँडल स्कूटरचं, मूठ स्कूटरची, पण क्रियापद मोटारीचं : ‘ड्राइव्ह’. कारण रिक्षावाला टपाखाली बसतो. तो एक पाय मांडी घातल्यासारखा वर घेऊन, सीटच्या कोपऱ्यावर तिरपा बसतो ही त्याची खासगी बाब आहे.

सायकलरिक्षा असेल तर ‘पेडल’. माणूस पुढे राहून ओढत असेल तर ‘पुल’. हातगाडी मागून ढकलत असेल तर ‘पुश’. मॉलमधली ट्रॉलीसुद्धा ‘पुश’च. तिचं एक चाक नेहमी वेगळ्या दिशेला जातं, पण त्यासाठी इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद नाही. असायला हवं होतं.

नियम तिसरा : सरकारपुढे नियम पहिला विसरा

मामांच्या आयुष्यातलं हे दुखरं प्रकरण आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे मोटरसायकल शिकलेल्या माणसाला आरटीओ जो परवाना देतं तो ‘ड्रायव्हिंग लायसन्स’. ‘रायडिंग लायसन्स’ नाही. तुम्ही बाइकवर मांड ठोकून, घामाघूम होऊन, पाय न टेकता आठचा आकडा काढून दाखवलात, तरी कागदावर तुम्ही गाडी हाकलीत. मोटार वाहन कायदा, १९८८ यातलं कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय सार्वजनिक जागी कोणीही मोटार वाहन ‘ड्राइव्ह’ करायचं नाही, आणि मोटार वाहन या शब्दात आमची स्कूटरही येते. त्याहून पुढचं म्हणजे, बंद पडलेली गाडी दुसरी गाडी दोरीने ओढत असेल, तर मागच्या गाडीत नुसतं स्टीअरिंग धरून बसलेला माणूसही कायद्याच्या व्याख्येत ‘ड्रायव्हर’ आहे. इंजिन बंद, पेट्रोल नाही, चेहरा पडलेला, पण ड्रायव्हर.

मामांचं म्हणणं, कायदा लिहिणाऱ्यांना नववीत आपल्या वर्गात बसवायला हवं होतं. मग एका गुरुवारी मी त्यांना कलम १२९ वाचून दाखवलं. ते हेल्मेटचं कलम. त्यात ‘ड्रायव्हिंग ऑर रायडिंग’ असे दोन्ही शब्द आहेत. ‘‘बघा,’’ मी म्हटलं, ‘‘कायद्याला ‘राइड’ माहीत आहे. पुढचा ड्राइव्ह करतो, मागचा राइड. म्हणजे या स्कूटरवर मी चालक आणि तुम्ही स्वार.’’

मामा इतके खूश झाले की बँकेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बँकेच्या दारात म्हणाले, ‘‘पण मग हेल्मेट मलाही लागणार.’’ हेल्मेटला विरोध हा पुण्याचा जुना उद्योग आहे, पण मामा कलमाचा मान राखणारे. आता ते टोपीवर हेल्मेट घालतात. टोपी काढत नाहीत. त्यामुळे हेल्मेट दोन इंच वर तरंगतं आणि मागून आमची स्कूटर मोठ्या भुंग्यासारखी दिसते, असं मामी म्हणते.

नियम चौथा : बसमध्ये कोण काय करतं

ड्रायव्हर बस ‘ड्राइव्ह’ करतो. महामंडळ बस ‘रन’ करतं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस निघाली, तेव्हापासून मराठीत हे दोघेही ‘बस चालवतात’, आणि बस कोण चालवतं हे विचारलं तर उत्तर कधी ड्रायव्हरचं नाव असतं, कधी मंत्र्याचं.

प्रवासी काय करतो? इंग्लंडात तो बस ‘टेक’ करतो, म्हणजे घेतो, आणि उतरताना परत ठेवतो असं समजावं. अमेरिकेत तो बस ‘राइड’ करतो. मामांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. पहिल्याच महिन्यात त्याने फोनवर अभिमानाने सांगितलं, ‘‘बाबा, मी रोज बस राइड करून ऑफिसला जातो.’’ मामांनी फोन मामीच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. एवढं इंजिनिअर करून परदेशी पाठवलेला मुलगा रोज सकाळी बसच्या टपावर मांड ठोकून बसतो, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून दोन दिवस हललं नाही.

नियम पाचवा : रेल्वेत हुद्द्यावर जाऊ नका

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती ३४ किलोमीटर तीन इंजिनांनी ओढली. साहिब, सिंध आणि सुलतान. तेव्हा चालवणारा ड्रायव्हर होता. आता तो लोको पायलट आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तोच मोटरमन असतो. मागे हिरवा झेंडा घेऊन उभा राहणारा गार्ड २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झाला. पाट्या बदलल्या तरी क्रियापद बदललेलं नाही. पायलट असला तरी तो गाडी ‘फ्लाय’ करत नाही, ‘ड्राइव्ह’च करतो.

१३ मार्च २०२३ रोजी सुरेखा यादव यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. मामांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली आहे. खाली लाल शाईने क्रियापदाची दुरुस्ती असेल म्हणून मी वाकून पाहिलं. नव्हती. फक्त एवढंच होतं : ‘आपल्या साताऱ्याची.’

नियम सहावा : पाण्यात मामीला विचारा

पाण्यात इंग्रजीची खरी दुकानं लागतात, आणि इथे मामा जरा बुजतात. कारण मामीचं माहेर हर्णैचं.

वल्ह्याने चालली तर ‘रो’ किंवा ‘पॅडल’. दोन्हीला आपण वल्हवणंच म्हणतो, पण फरक पक्का आहे. वल्हं होडीच्या काठाला अडकवलेलं असेल आणि माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसला असेल, तर ‘रो’. वल्हं नुसतं हातात असेल आणि तोंड पुढे, तर ‘पॅडल’. शिडाची असेल तर ‘सेल’. गंमत म्हणजे शीड जाऊन इंजिन आलेली शंभर मजली वाटणारी जहाजंसुद्धा अजून ‘सेल’च करतात. इथेही घोड्याचीच गोष्ट : वस्तू जाते, क्रियापद राहतं. सुकाणू धरणारा ‘स्टीअर’ करतो. आणि ‘पायलट’ हा मुळात विमानाचा नव्हेच, तो बंदराचा. मोठं जहाज बंदरात शिरताना तिथलं पाणी ओळखणारा माणूस छोट्या बोटीने जाऊन जहाजावर चढतो आणि वाट दाखवतो, तो पायलट. विमानवाल्यांनी शब्द पुढे उसना नेला आणि परत केला नाही.

मामी म्हणते, ‘‘आमच्याकडे तांडेल होता. तो एकटा हे सगळं करायचा आणि वर शिव्या द्यायचा.’’

इथे ‘पॅडल’ आणि ‘पेडल’ या दोन शब्दांत घोटाळा करू नये. पॅडल हाताचं, पेडल पायाचं. मराठीत पेडलचं ‘पायडल’ झालं. पूर्वी एकदा आम्ही सगळे एका तळ्यावर गेलो होतो. तिथे पायाने फिरवायच्या हंसाच्या होड्या होत्या आणि पाटीवर लिहिलं होतं ‘पॅडल बोट’. मामांनी तिकीटवाल्या पोराला फरक समजावून सांगितला. पोराने ऐकून घेतलं आणि लाइफ जॅकेट दिलं. मग मामा आणि मामी हंसात बसले. पायडल मामी मारत होती. मधला सुकाणूचा दांडा मामांच्या हातात होता, आणि त्यांनी तो विचार करताना हात ज्या बाजूला जातो त्या बाजूला धरून ठेवला होता. अर्धा तास हंस एका जागी गोल फिरला. काठावरून आम्हाला मामांचा हात दिसत होता, तर्जनी वर. बहुधा ‘रो’ आणि ‘पॅडल’ चालू होतं.

नियम सातवा : हवेत सगळे सारखे

विमानाला ‘फ्लाय’. चालवणाराही ‘फ्लाय’ करतो, मागे बसून उपमा खाणाराही ‘फ्लाय’ करतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, तेही ‘फ्लाय’. मामा दोन वर्षांतून एकदा न्यू जर्सीला जातात, तेही ‘फ्लाय’. जेआरडी आणि मामा एका क्रियापदात बसतात, अशी सोय दुसऱ्या कुठल्याही वाहनात नाही.

विमानतळावर मात्र मामा चाकाच्या खुर्चीतून जातात. त्यांना ठणठणीत चालता येतं. पण मुलगा तिकिटातच खुर्ची सांगून ठेवतो, कारण खुर्चीवाल्याला रांग लागत नाही आणि इमिग्रेशनवाला कमी प्रश्न विचारतो. हे आपल्याकडच्या सगळ्या आईवडिलांना माहीत आहे. खुर्चीत बसणाऱ्याचं क्रियापद ‘यूज’, ढकलणाऱ्याचं ‘पुश’. मागच्या खेपेला ढकलणारा पोरगा बीडचा निघाला. म्हणाला, ‘‘काका, तुम्ही निवांत बसा, मी चालवतो.’’ मामांनी दुरुस्ती केली का, असं मी फोनवर विचारलं. म्हणाले, ‘‘नाही रे. त्याची बारा तासांची ड्यूटी होती.’’

नियम आठवा : फुटकळ

क्रेन, जेसीबी, पोकलेन : ‘ऑपरेट’. रस्त्यावर आणून पुढे नेत असेल तर ‘ड्राइव्ह’, खोदत असेल तर ‘ऑपरेट’. बघायला गर्दी दोन्हीला जमते.

ट्रॅक्टर : ‘ड्राइव्ह’. पाठीमागे डीजे असला तरी.

बैलगाडी : ‘ड्राइव्ह’. या क्रियापदाचा आज उरलेला एकमेव अस्सल वापर. इथे खरंच कोणीतरी हाकत असतं.

घर : ‘रन’. का, ते विचारू नये. महिनाअखेरीला आपोआप कळतं.

नियम नववा : काही गाड्या इंग्रजीत नेऊच नयेत

वडापवाला गाडी चालवत नाही, ‘मारतो’. ‘आज कराडच्या तीन ट्रिपा मारल्या.’ मित्राची नवी बाइक आपण ‘हाणतो’. उशीर झाला की ‘दामटतो’, चढावर ‘रेटतो’. ‘गाडी काढली’ म्हणजे घराबाहेर काढली किंवा कर्ज काढून विकत घेतली, हे पेढे मिळाले की समजतं. ‘गाडी उचलली’ म्हणजे वाहतूक पोलिसांनी नेली. ‘एकाला उडवलं’ याचं भाषांतर कृपा करून ‘फ्लाय’ने करू नये.

आणि सगळ्यांत शेवटी ‘गाडी लागणे’. परक्या माणसाला वाटेल स्टँडवर गाडी लागली. आपल्याला माहीत असतं की आता लिंबू, आवळासुपारी आणि खिडकीची जागा लागणार.

मामांना गाडी लागते.

या एका वाक्यासाठी मी वर आठ नियम लिहिले असावेत. मोटारीत लागते, बसमध्ये लागते, रिक्षातसुद्धा अर्ध्या तासानंतर लागते. तोंडावर वारा असला की लागत नाही. म्हणून मामा जन्मभर दुचाकीच्या मागच्या सीटवर बसत आले. लहानपणी सायकल शिकताना दांडीखालून पाय घालून पडले आणि हात मोडला, त्यानंतर पुढची सीट त्यांनी सोडली ती सोडलीच. शाळा घरापासून लांब. चालत जायचे.

मग मामीने लुना घेतली. १९७२ साली बाजारात आलेली ही पन्नास सीसीची गाडी निम्मी सायकल, निम्मी मोटरसायकल. चालू करायला पायडल मारायचं आणि चढावर दम गेला तरी पायडल मारायचं. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ‘पेडल’ही आणि ‘राइड’ही. त्यांच्या गल्लीत बाईने चालवलेली ती पहिली गाडी. पुढे नऊवारीतली आजी नाक मुरडत दारात उभी, गाडीवर मामी पदर खोचून, आणि मागे मामा, मांडीवर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा, एका हातात छत्री. साताऱ्यात चढ काही कमी नाहीत. चढ आला की मामा उतरत. मग मामी लुना चालवी आणि मामा चालत. वर पोहोचलं की परत बसत आणि मधे राहिलेलं वाक्य पुढे सुरू करत.

सराव

परवा मामीच्या गुडघ्यांच्या तपासणीला जायचं होतं. दवाखान्याच्या बाकावर वेळ जात नव्हता म्हणून मी मामांना म्हटलं, ‘‘हे सगळे नियम मी लिहून काढलेत. शेवटी स्वाध्याय हवा. दोन प्रश्न द्या.’’

मामा विचार करायला लागले तेवढ्यात मामीच म्हणाली, ‘‘मी देते. लिही. ‘मी वीस वर्षं लुना चालवली, आणि पन्नास वर्षं यांना चालवून घेतलं.’ करा इंग्रजी.’’

‘‘पहिल्याला ‘राइड’,’’ मामा ताबडतोब म्हणाले.

‘‘आणि दुसऱ्याला?’’

मामांनी चष्मा काढला, पुसला. ‘‘त्याला एक शब्द पुरत नाही. तीन लागतात.’’

‘‘मला पन्नास वर्षं लागली,’’ मामी म्हणाली. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. मामा उठले, तिला हात दिला आणि आतपर्यंत तिच्या चालीने चालत गेले.

ते तीन शब्द कोणते, हे वाचकांनी स्वतः शोधावं. आणखी काही शंका असतील तर माझ्या स्कूटरची मागची सीट सोमवारी आणि गुरुवारी भरलेली असते.